इंजिनाच्या बुचाचे गेलेले आटे

इटियाडोह येथें गाढवी नदीवर जें धरण आहे, त्याचें पाणी कालव्यांवाटे धानाच्या बांध्यांत जातें. कालव्यांवर पाणी अडविण्याचीं जीं लहान लोखंडी दारें असतात, त्यांपैकीं पुष्कळांच्या माथ्यावर आट्यांचा एक लांब दांडा असतो. चाक फिरविलें कीं दांडा हळूहळू वर चढतो, आणि चार गड्यांना न उचलवणारें दार एकटा मनुष्य उचलतो. आट्यांचें सामर्थ्य तें हेंच. मात्र मोटारसायकलीच्या पोटाखालील बोटभर बुचावर हें सामर्थ्य अविचारानें लादलें म्हणजे काय होतें, तें आज पाहावयाचें आहे.

हें धरण किंवा नवेगांवबांधचा तलाव पाहावयास दुचाकीवरून जाणारीं मंडळी पुष्कळ असतात. वाट रानांतून व शेतांतून जाते. मोठा कारखाना मागें शहरांत राहिलेला असतो. इंजिनाच्या तळाशीं जुनें तेल काढून टाकण्याकरितां जो बोल्ट असतो, त्यास कारागीर ‘ड्रेन नट’ म्हणतात. शंभर सी. सी. च्या गाडींत तेल बहुधा लिटरभरही नसतें. बूच वाटेंत गळून पडलें तर तें सारें क्षणांत रस्त्यावर सांडतें, आणि चालकाच्या ध्यानांत येईपर्यंत पिस्टन नळकांड्यास धरून बसलेला असतो.

बूच पोलादाचें आणि इंजिनाचें कवच ॲल्युमिनियमचें, हें या दुखण्याचें मूळ. पोलाद कठीण, ॲल्युमिनियम मऊ. म्हणून झिजतात ते नेहमीं कवचाचे आटे. त्यांतही भार सर्व आट्यांवर सारखा पडत नाहीं. माथ्याजवळचा पहिला आटा जवळजवळ एकतृतीयांश भार घेतो. तो कापला गेला कीं दुसऱ्याची पाळी येते. पुष्कळ लहान गाड्यांच्या पुस्तिकेंत बूच आवळण्याचें प्रमाण २५ ते ३० न्यूटन-मीटर दिलेलें असतें. म्हणजे २० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर १२ ते १५ किलोचा जोर पुरतो. पान्यास नळी घालून तो ६० सेंटिमीटर केला, तर त्याच हाताचा जोर तिपटीनें बुचावर येतो! तेल पाझरण्याचें खरें कारण पुष्कळदां जुना, चेपलेला वायसर हें असतें. चार-आठ रुपयांचा तो वायसर न बदलतां कारागीर बूचच अधिक आवळतो.

दुसरें कारण चुकीचा बोल्ट. १८४१ सालीं जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रज्ञानें आट्यांचें एकच प्रमाण असावें असें सुचविलें. तत्पूर्वीं ज्याचे त्याचे आटे निराळे असत. आज प्रमाणें ठरलेलीं आहेत, पण १२ मिलिमीटर जाडीचाच बोल्ट १.७५, १.५ आणि १.२५ अशा तीन अंतरांच्या आट्यांचा मिळतो. १.५ च्या भोंकांत १.७५ चा बोल्ट एक-दोन फेरे जातो, मग अडतो. तेथें जोर केला कीं भोंकाचे आटे गेलेच.

आटे गेल्याची खूण सोपी आहे. बूच फिरतें, पण घट्ट होत नाहीं. बाहेर काढल्यास त्याच्या खांचांत रुपेरी तारेसारखा कीस अडकलेला दिसतो. अशा वेळीं टेफ्लॉनची पट्टी गुंडाळणें किंवा एपॉक्सीची लांबी भरणें हा उपाय नव्हे. पट्टीचे तुकडे आंत जाऊन तेलाची जाळी बुजवितात. लांबी भरली तर पुढील खेपेस तेल काढणार कोठून? स्वतःच आटे कापीत जाणारें जाड बूच मिळतें, पण तें तिरपें बसल्यास कवचास तडा जातो.

खरा उपाय पोलादी आटे बसविण्याचा. भोंक किंचित् मोठें करून त्यांत खास मापाच्या टॅपनें नवे आटे पाडावयाचे, आणि स्टेनलेस पोलादाच्या तारेचें वेटोळें त्यांत फिरवून बसवावयाचें. वेटोळ्याच्या आंतल्या बाजूस मूळच्याच मापाचे आटे तयार होतात; जुनेंच बूच चालतें. टॅप मात्र अगदीं काटकोनांत चालला पाहिजे, नाहींतर वायसर सपाट बसत नाहीं. वेटोळें तोंडापासून अर्धा-एक फेरा आंत राहावें. त्याची फिरविण्याची शेपटी शेवटीं मोडून बाहेर काढावी लागते. ती इंजिनांत राहिली तर घात. टॅपच्या खांचांत ग्रीस भरावें म्हणजे कीस त्यास चिकटतो, आणि राहिलेला कीस थोडें स्वस्त तेल ओतून धुऊन काढावा. मी तरी ही धुलाई माझ्या डोळ्यांदेखत झाल्याखेरीज गाडी हलवूं देणार नाहीं. जवळ लेथवाला असेल आणि कवच पुरेसें जाड असेल, तर भोंक १४ मिलिमीटरचें करून तेवढें बूच बसवितां येतें. कवचच तडकलें असेल तर वितळजोड किंवा नवें कवच, एवढाच मार्ग उरतो.

वायसर नवा घालून, बूच प्रथम हातानेंच फिरवीत न्यावें, पाना शेवटीं. मग तेल भरून इंजिन पांच मिनिटें चालवावें, आणि गाडीखालीं रात्रभर एक कोरा कागद पसरून ठेवावा.