दिसणारी गळती आणि न दिसणारी गळती

अपघातात चेपलेल्या मोटारीत अडकलेल्या माणसाला सोडवण्यासाठी अग्निशमन दले जी द्रवचालित अवजारे वापरतात, त्यांत पत्रा फाकवणारा स्प्रेडर, खांब कापणारा कटर आणि दोन भाग एकमेकांपासून दूर रेटणारा रॅम ही प्रमुख होत. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब त्या द्रवात सर्वत्र सारखाच पोहोचतो, हा सतराव्या शतकात ब्लेझ पास्कल यांनी मांडलेला नियम या तिन्हींच्या मुळाशी आहे. अमेरिकेतील मोटारशर्यतींच्या मैदानावर जन्मलेली आणि जॉर्ज हर्स्ट यांच्या नावाने ओळखली गेलेली ही अवजारे पुढे जगभरच्या अग्निशमन दलांत पोहोचली. आज मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासारख्या रस्त्यावरील बचावकार्य त्यांच्याशिवाय कल्पिणे अवघड आहे.

यांपैकी बरीच अवजारे सुमारे ७०० बार दाबावर चालतात. मोटारीच्या टायरमधील हवेच्या दाबाच्या हा दाब तीनशेपटींहून अधिक असून, १० सेंटीमीटर व्यासाच्या दट्ट्यावर त्यातून जवळपास ५६ टनांचे बळ निर्माण होते. एवढ्या दाबाचे तेल आत रोखून धरण्याचे काम सील, म्हणजे दट्ट्याभोवती किंवा सांध्यात बसवलेली रबराची वा प्लास्टिकची कडी करतात. ती उन्हाने कडक होतात, चुकीच्या तेलाने फुगतात आणि वाळूच्या एका कणाने चिरली जातात. गळतीचा विचार म्हणूनच बहुतांशी सीलचा विचार ठरतो.

अवजाराखाली तेलाचा थेंब दिसला की सील गेले असा निष्कर्ष घाईने काढला जातो, परंतु प्रत्येक थेंब हा दोष नसतो. कपलिंग, म्हणजे नळी आणि अवजार जोडणारा सांधा, सोडवताना एखाददुसरा थेंब पडणे स्वाभाविक आहे, आणि कात्रीच्या मधल्या खिळीला लावलेले ग्रीस उष्णतेने पातळ होऊन ओघळले तर तेही तेलासारखेच दिसते. रॅम बाहेर आलेला असताना टाकीतील पातळी खाली गेलेली असते. त्या वेळी टाकी काठोकाठ भरली, तर रॅम मिटताना परतणारे तेल टाकीबाहेर सांडते आणि पंप गळतो असा समज होतो. तेलाची पातळी सर्व अवजारे मिटवूनच पाहावी, या नियमामागचे कारण हेच. दोन नळ्यांच्या प्रणालीत परतीच्या नळीचे कपलिंग पूर्ण बसले नसेल, तर तेलाला परतायला वाट उरत नाही आणि अनेक बनावटींत सुरक्षा झडप उघडून ते बाहेर टाकले जाते. अशा वेळी अवजार खोलणे हा निव्वळ वेळेचा अपव्यय होय.

खरी गळती शोधताना पहिले काम पुसण्याचे असते. तेल उतारावरून खाली येत असल्याने सर्वांत ओला भाग हाच उगम असेल असे नाही, म्हणून सर्व भाग कोरडे करून, अवजार विनाभार चालवून, नंतर दट्टा शेवटच्या टोकाला नेऊन पूर्ण दाब चढू द्यावा आणि ओल प्रथम कोठे उमटते हे पाहावे. एका वेळी एकच भाग बदलण्याची शिस्तही तितकीच मोलाची आहे: त्याच पंपाला नि नळीला दुसरे अवजार जोडल्यावर दोष नाहीसा झाला, तर तो पहिल्या अवजारात आहे, आणि तो तसाच राहिला, तर नळीकडे किंवा पंपाकडे वळावे. दट्ट्याच्या दांड्यावर ओरखडा असेल, तर नवे सीलही थोड्याच काळात फाटते, त्यामुळे सील बदलण्यापूर्वी दांडा तपासला नाही तर तो खर्च वाया जातो.

या शोधात एक चूक जन्माची अद्दल घडवू शकते. नळीला पडलेल्या सूक्ष्म छिद्रातून उडणारी तेलाची धार हातमोजा भेदून त्वचेखाली शिरते. जखम सुईच्या टोचण्याएवढी आणि सुरुवातीला फारशी न दुखणारी असली, तरी आतील ऊती नासू लागतात आणि तातडीची शस्त्रक्रिया न झाल्यास बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. दाबाखालील नळीवरून हात फिरवणे म्हणूनच सर्वथा वर्ज्य असून, छिद्राचा संशय आल्यास पुठ्ठ्याचा तुकडा दूर धरून धार पाहावी. दाब असताना सांधा आवळणेही तितकेच घातक आहे.

बाहेरची गळती निदान स्वतःची वर्दी देते. दट्ट्याच्या सीलमधून तेल एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे झिरपू लागले, किंवा भार रोखून धरणाऱ्या झडपेच्या बैठकीत कचरा अडकला, तर जमिनीवर एकही थेंब पडत नाही. तरीही मूठ सोडल्यावर जागच्या जागी थांबायला हवे असलेले स्प्रेडरचे बाहू भाराखाली हळूहळू मिटू लागतात. विनाभार चालवल्यास असे अवजार निर्दोष भासते. केंद्रावर रोज सकाळी अवजार उघडून-मिटवून पाहण्याची प्रथा आवश्यक असली, तरी तिच्यावर विसंबून भारचाचणी टाळणे धोक्याचे आहे. पंपाचा दाब पुरेसा चढत नसल्याचेही असेच उशिरा कळते, कारण जुन्या गाडीचा पत्रा कटर सहज कापतो आणि नव्या गाडीच्या मधल्या खांबातील बोरॉनयुक्त पोलादापाशी अडतो.

देखभालीतील बाकीच्या गोष्टी साध्या, पण नेमक्या आहेत. कपलिंग जोडलेले असताना धूळटोपणे एकमेकांत अडकवून ठेवली, तर त्यांच्या आत माती जात नाही. काम संपल्यावर बाहू घट्ट न मिटता काही मिलिमीटर उघडे ठेवल्याने आतील ताण उतरतो. नळी उन्हात पडून राहिल्यास आत कोंडलेले तेल प्रसरण पावते आणि कपलिंग जोडलेच जात नाही. त्यासाठी दाब सोडण्याचे स्वतंत्र साधन मिळते, तेथे हातोडी चालवू नये. तेल दुधाळ झाले असेल तर पाणी शिरले असे समजावे, फेसाळले असेल तर हवा. नायट्राइल रबराच्या सीलसाठी बनवलेल्या प्रणालीत ब्रेक ऑइल घालणे म्हणजे सर्व सील एकदमच निकामी करणे होय. खरेदीची निविदा निघते तेव्हाच वार्षिक देखभालीची तरतूद झाली नाही, तर महागडे अवजार शोभेचे होऊन बसते, याची जाणीव खरेदी करणाऱ्यांना असावी.

बॅटरीवर चालणाऱ्या अवजारांमुळे लांब नळ्या आणि कपलिंगांचे सांधे गेले, म्हणजे बाहेरच्या गळतीची प्रमुख ठिकाणेच गेली. पंप, टाकी, झडपा आणि सील मात्र आता एकाच कवचात बसवलेले असल्याने भाग बदलून दोष हुडकण्याची सोय उरलेली नाही, आणि आतून झिरपणारे तेल ओळखण्यासाठी भारचाचणीवरच पूर्वीपेक्षा अधिक भिस्त ठेवावी लागते.