माळव्याच्या काळ्या मातीत लोणीफळ

अ‍ॅव्होकॅडो नावाचे, लोण्यासारख्या मऊ गराचे हिरवे फळ आता इंदूरच्या बाजारातही दिसू लागले आहे. फळ महाग, त्यामुळे त्याची भलीमोठी कोय उकिरड्यावर टाकणे गृहिणीच्या जिवावर येते. मूळचे हे झाड मेक्सिको व मध्य अमेरिकेतील, आपल्या दालचिनी व तमालपत्राच्या कुळातील होय.

कोय सुकली की निकामी होते. म्हणून फळ खाताच ती धुऊन कुंडीत लावावी. रुंद बाजू खाली, टोक वर व किंचित उघडे. महिना-दीड महिन्यात अंकुर फुटतो. इथवर काहीच अवघड नाही. खरी परीक्षा रोप अंगणात उतरते तेव्हा होते.

आमच्या माळव्याची काळी माती पाणी धरून ठेवते, आणि या झाडाची मुळे उथळ. पावसाळ्यात बुंध्याशी पाणी साचले की मूळकुज लागते व पाने मलूल होतात. घरधनी ती तहान समजून आणखी पाणी ओततो, आणि रोप हातचे जाते! यास्तव ते खड्ड्यात न लावता हात-दीड हात उंचीच्या ढिगावर लावावे. पहिले दोन उन्हाळे तुराट्यांचा आडोसा करावा आणि बुंध्याभोवती पाचोळा पसरावा. ढिगाच्या मातीत कुजलेले कंपोस्ट भरपूर मिसळावे. कंपोस्टची जगप्रसिद्ध ‘इंदूर पद्धत’ याच शहरातली. अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी 1931 साली ती पुस्तकरूपाने मांडली. पाचोळा, शेण, गोमूत्र, राख ही तिची सामग्री कोणत्या गोठ्यात नाही?

फळाची मात्र घाई नको. कोयीच्या झाडास सात-आठ वर्षे, कधी त्याहून अधिक लागतात, आणि फळ मूळ झाडासारखेच येईल याची शाश्वती नसते. लवकर फळ हवे त्याने कलम आणावे. भोपाळजवळ इस्रायली कलमांची बाग उभी राहिलीच आहे. तथापि कोयीला कमी लेखू नये. कॅलिफोर्नियातील रुडॉल्फ हास या पोस्टमनने 1926 च्या सुमारास लावलेल्या एका रोपावर कलम जगेना, म्हणून ते तसेच वाढू दिले. जगभर विकली जाणारी ‘हास’ जात त्याच झाडाची. ते मूळ झाड 2002 साली गेले, तेही मूळकुजीनेच.

शेळ्या बाळगणाऱ्या घरांनी एक ध्यानात ठेवावे. या झाडाचा पाला शेळ्यांना व गायींना बाधतो. कास सुजते, दूध आटते. झाडाला भक्कम कुंपण घालावे आणि छाटलेल्या फांद्या गोठ्याकडे नेऊ नयेत.