वारा पायथ्याशी निराळा, माथ्यावर निराळा

पावसाळ्यात जुन्नरजवळच्या नाणेघाटात कड्यावरून कोसळू पाहणारे पाणी वाऱ्याच्या झोताने पुन्हा वर उधळले जाते. हा ‘उलटा धबधबा’ पाहण्यासाठी पर्यटकांची मोठी गर्दी होते. मात्र, पाणी वर फेकणारा हाच वारा कड्याच्या टोकाशी उभ्या असलेल्या माणसाचा तोलही घालवू शकतो, याचा अनेकांना विसर पडतो.

डोंगर वाऱ्याला अडवतो, ही समजूत अर्धीच खरी आहे. डोंगर वाऱ्याचा वेग वाढवतोही. मोकळा वाहत येणारा वारा डोंगराला अडला, की त्याला माथ्यावरून किंवा दोन शिखरांमधल्या खिंडीतून वाट काढावी लागते. जागा आक्रसली, की वेग वाढतो. अरबी समुद्रावरून येणारे मोसमी वारे कोकण ओलांडून सह्याद्रीच्या उभ्या कड्यांवर आदळतात आणि कड्याला लागून वर उसळतात. नाणेघाटात किंवा हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर जाणवतो तो हाच प्रकार.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर त्याचा दाब चौपट होतो. त्यामुळे पायथ्याशी ताशी ४० किलोमीटरचा वारा सुसह्य वाटला, तरी माथ्यावर ८० किलोमीटरच्या झोतात पाय रोवून उभे राहणे कठीण होते. डोंगर फार उंच असावा लागतो, असेही नाही. अमेरिकेतील माउंट वॉशिंग्टन हे शिखर अवघे १,९१७ मीटर, म्हणजे कळसूबाईहून सुमारे पावणेतीनशे मीटरच उंच. तरीही तेथे १२ एप्रिल १९३४ रोजी ताशी ३७२ किलोमीटर वेगाच्या झोताची नोंद झाली होती.

डोंगराची पलीकडची बाजूही सुरक्षित असतेच असे नाही. विशिष्ट हवामानात माथा ओलांडलेला वारा उतारावरून प्रचंड वेगाने खाली झेपावतो. ३० डिसेंबर २०२१ रोजी अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात रॉकी पर्वताच्या पायथ्याशी अशा वाऱ्याच्या झोतांनी ताशी १६० किलोमीटरचा वेग गाठला. त्यात भडकलेल्या वणव्याने एक हजाराहून अधिक घरांची राख केली.

गिर्यारोहकांनी आणि पर्यटकांनी म्हणूनच काही पथ्ये पाळायला हवीत. निघण्यापूर्वी भारतीय हवामान विभागाचा अंदाज पाहावा. मात्र जवळच्या गावासाठी दिलेला वेग माथ्यावरही तेवढाच राहील, असे गृहीत धरू नये. वाऱ्याचा जोर वाढू लागताच धार आणि खिंड सोडून खालच्या आडोशाला यावे. कड्याच्या टोकापासून दूर राहावे. झोताला रेलून उभे राहणे तर सर्वांत घातक, कारण झोत अचानक ओसरला, की माणूस त्याच दिशेने कोलमडतो. जोराचा झोत आल्यास खाली बसावे, शक्य तेथे हातांचा आधार घ्यावा. छत्री आणि सैल रेनकोट यांत वारा शिडासारखा भरतो, हे ध्यानात ठेवावे.

तंबू माथ्यावर, सुकलेल्या झाडाखाली किंवा सुट्या दगडांच्या उताराखाली ठोकू नये. वाऱ्यात शेकोटी पेटवू नये. एक ठिणगी सुकलेल्या गवताचा वणवा करू शकते. थंडीच्या प्रदेशात अंग झाकणे तितकेच महत्त्वाचे. तापमान शून्य अंश असताना ताशी ४० किलोमीटरचा वारा सुटला, तर उघड्या त्वचेला उणे सात अंशांइतकी थंडी बाधते. घाटात वाहन चालवताना वळणावर किंवा खिंडीच्या तोंडाशी आडवा झोत येऊ शकतो. तेथे वेग कमी ठेवावा आणि दुचाकीस्वारांनी विशेष सावध राहावे.

परतीचा निर्णय माथ्यावर पोहोचून घेण्यापेक्षा वाटेतच घेतलेला बरा. वर पोहोचल्यावर उतरण्याची वाटही त्याच वाऱ्यातून जात असते. शिखर पुढच्या खेपेलाही तेथेच असेल. ते पाहण्यासाठी सुखरूप घरी परतणे महत्त्वाचे.