नोकरी शोधण्यापूर्वी स्वतःचा हिशेब मांडा

दुकानात माल भरण्यापूर्वी आपण दहा गोष्टी पाहतो. गिऱ्हाईक कोण, भांडवल किती, माल किती दिवसांत उठेल, वाहतुकीचा खर्च किती. पण घरातला मुलगा नोकरीला निघतो तेव्हा हा हिशेब कोणी करीत नाही. ‘कुठेतरी लागला म्हणजे झाले’ एवढ्यावरच समाधान मानले जाते. पाच वर्षांनी पाहावे तर मुलगा हेल्परचा हेल्परच असतो.

तलासरी तालुक्यातील उधव्याचे उदाहरण घेऊ. गाव महाराष्ट्रात, पण सिल्वासा आणि वापी या औद्योगिक वसाहती सीमेपलीकडे. आपल्या बाजूला मोठे कारखाने का आले नाहीत, याचे एक कारण जुने आहे. 20 जून 1991 च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र ठरविला. प्रदूषणकारी उद्योगांना बंदी आली, उद्योगांच्या एकूण जागेवर 500 एकरांची मर्यादा घातली गेली आणि तालुक्याभोवतीच्या 25 किलोमीटरच्या पट्ट्यावरही बंधने आली. यामुळे इथल्या फळबागा आणि किनारा वाचला, पण कारखान्यातील कामासाठी तरुणाला सीमा ओलांडावी लागते. म्हणूनच त्याने आधी ठरवून निघणे अधिक गरजेचे आहे.

पगार नव्हे, शिल्लक पाहा

समजा, सिल्वासात 15,000 रुपयांचे काम मिळाले आणि गावाजवळच्या गॅरेजमध्ये 12,000 चे. पहिल्या कामाला रोज 100 रुपये भाडे धरले तर 26 दिवसांचे 2,600 होतात. हातात उरले 12,400. फरक फक्त 400 रुपयांचा, आणि त्यासाठी रोजचे दोन-तीन तास रस्त्यावर. मात्र सिल्वासाच्या कामात यंत्र चालवायला शिकायला मिळत असेल आणि भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल, तर तेच काम चांगले. गॅरेजमध्ये इंजिन उघडायला मिळत असेल आणि तिकडे नुसती पोती उचलायची असतील, तर गॅरेज बरे. उत्तर प्रत्येकाचे वेगळे, पण हिशेब प्रत्येकाने मांडलाच पाहिजे.

उद्दिष्टाला तारीख हवी

‘चांगली नोकरी हवी’ हे उद्दिष्ट नव्हे, ती इच्छा झाली. एका वहीत तीन ओळी लिहा. सहा महिन्यांत काय, दोन वर्षांत काय, पाच वर्षांत काय. उदाहरणार्थ : सहा महिन्यांत वेल्डिंगच्या कामावर लागणे, दोन वर्षांत प्रमाणपत्र मिळविणे, पाच वर्षांत फोरमन होणे किंवा स्वतःचे दुकान टाकणे. त्याच वहीत दर आठवड्याला किती ठिकाणी विचारणा केली, कोणाला भेटलो आणि नकार का मिळाला, हे टिपत जा. तीन ठिकाणी एकाच कारणाने नकार आला, तर पुढच्या महिन्याचे उद्दिष्ट तेच : ती उणीव भरून काढणे.

कागद तयार करा

आपल्या कारागिरांच्या मुलांची मोठी अडचण ही, की हातात कसब असते पण कागद नसतो. वडिलांच्या दुकानात आठ वर्षे वेल्डिंग केलेल्या मुलाला कारखान्याच्या दारावर ‘आयटीआय आहे का?’ असे विचारतात. शासकीय आयटीआयमध्ये वेल्डरचा अभ्यासक्रम 1 वर्षाचा, तर फिटर आणि इलेक्ट्रिशियनचा 2 वर्षांचा आहे. काही ट्रेडना दहावी नापास मुलांनाही प्रवेश मिळतो. त्यानंतर 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली कारखान्यात विद्यावेतन घेऊन शिकता येते. शिंपी, लोहार, गवंडी अशा 18 पारंपरिक व्यवसायांतील कारागिरांसाठी सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना आहे. तीत प्रशिक्षण, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आणि पहिल्या टप्प्यात 1 लाखापर्यंत कर्ज अशी तरतूद आहे.

काम धरताना विचारा

नेमणूक थेट कंपनीची की ठेकेदाराची? नियुक्तिपत्र मिळेल का? साधारणपणे 20 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला भविष्य निर्वाह निधी लागू होतो, आणि 10 किंवा अधिक कामगार असतील तर राज्य विमा. किमान वेतनाचे दर राज्यागणिक वेगळे असतात, म्हणून काम सीमेपलीकडचे असेल तर तिथला दर विचारून घ्या. हे प्रश्न विचारण्यात लाज वाटण्याचे कारण नाही. माल घेताना आपण भाव विचारतोच ना?

ज्यांची दुकाने आहेत त्यांनीही एक करावे. आपल्याकडे शिकणाऱ्या पोराला वर्षाअखेरीस जवळ बसवून विचारावे : यंदा काय शिकलास, पुढच्या वर्षी काय शिकणार? तो पुढे आपल्याकडे राहो वा दुसरीकडे जावो, त्याला स्वतःची किंमत कळलेली असेल.