हात लावून तपासले, पण कळले किती?

बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या पुस्तिकेत काठेवाडातल्या एका शिक्षकाची हकीकत दिली आहे. त्याचे पत्र १९२९ साली ‘यंग इंडिया’त छापून आले होते. त्याची पत्नी बाळंतपणानंतर आजारी पडली. श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, बरगड्या दुखू लागल्या. डॉक्टर वस्तीत यायला तयार होईनात. गावातल्या मोठ्या माणसांनी विनवल्यावर आले, तेही बाईला वस्तीबाहेर आणायचे या अटीवर. थर्मामीटर त्यांनी एका मुसलमान माणसाकडे दिला, त्याने नवऱ्याकडे, नवऱ्याने पत्नीकडे. त्याच वाटेने तो परत आला. दिव्याच्या उजेडात पारा पाहून डॉक्टरांनी न्यूमोनिया असल्याचे सांगितले. ती बाई वाचली नाही.

ही हकीकत आपण अस्पृश्यतेची म्हणून वाचतो आणि ती तशीच आहे. आरोग्याच्या या पानावर आम्ही तिच्यातली आणखी एक गोष्ट सांगू इच्छितो. थर्मामीटर फक्त ताप सांगतो. छाती कितपत भरली आहे, रोग्याची अवस्था किती गंभीर आहे, हे जवळ जाऊन, हात लावून, कान देऊन पाहावे लागते. त्या बाईला औषध मिळाले, तपासणी मिळालीच नाही.

डॉक्टरांची तपासणी चार प्रकारची असते: डोळ्यांनी पाहणे, हाताने चाचपणे, बोटाने ठोकून आवाज ऐकणे आणि नळी लावून ऐकणे. ठोकण्याची पद्धत औएनब्रुगर या डॉक्टरने १७६१ साली व्हिएन्नात मांडली. फुप्फुसाभोवती पाणी साचले की पोकळ आवाजाऐवजी भरीव आवाज येतो. नळी म्हणजे स्टेथोस्कोप. १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक या डॉक्टरने कागदाची गुंडाळी करून एका बाईच्या छातीचे ठोके ऐकले, तिथून तो सुरू झाला.

चाळणीसारखी तपासणी

पण या तपासणीवर किती भरवसा ठेवावा? धान्य चाळताना चाळणीची भोके मोठी असली तर खडेही खाली पडतात, बारीक असली तर चांगले दाणेही वर अडकतात. तपासणीचेही तसेच आहे. काही खुणा आजार निसटू देतात, काही नसलेला आजार दाखवतात. आईचा हातच घ्या. लेकराच्या कपाळाला हात लावून आई ‘ताप नाही’ म्हणाली तर ते बहुतेक वेळा खरे असते. ‘ताप आहे’ म्हणाली तर मात्र थर्मामीटर लावून पाहावा, कारण अनेकदा ताप निघत नाही.

पापणी पाहून रक्त कळते का?

सावळ्या कातडीवर फिकेपणा लवकर दिसत नाही, म्हणून डॉक्टर पापणीच्या आत, जीभ आणि तळहात पाहतात. रक्त फारच कमी असेल तर हे बऱ्याचदा लक्षात येते. थोडे किंवा मध्यम कमी असेल तर सहज निसटते. एकाच बाईला दोन डॉक्टरांनी पाहिले तर दोघांचे मत वेगळे पडू शकते. खोलीतला उजेड कमी असला की आणखीच चूक होते.

२०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायांमध्ये रक्त कमी आढळले. तेव्हा ‘डोळे लाल आहेत, काही नाही’ एवढ्यावर समाधान मानू नका. हिमोग्लोबिन तपासून घ्या. ते १२ च्या खाली, गरोदरपणी ११ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे.

छाती साफ, मग टीबी नाही?

आमच्या वस्त्यांमधून नेहमी ऐकू येते, ‘डॉक्टरांनी छाती तपासली, साफ आहे म्हणाले.’ टीबीत नळीने काहीच वेगळे ऐकू न येणे अगदी शक्य आहे, विशेषतः सुरुवातीला. नळी शोधणारा लेनेक स्वतः १८२६ साली टीबीनेच गेला. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे, थुंकीतून रक्त, यांपैकी काही असेल तर बेडका तपासलाच पाहिजे. सरकारी केंद्रात ही तपासणी मोफत होते.

लेकराचा श्वास मोजा

एक साधी खूण मात्र घरीही पाहता येते. लेकरू शांत असताना, रडत किंवा पीत नसताना, अंगावरचे कापड वर करून पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त भरले, तर न्यूमोनियाची शंका धरून लगेच दवाखाना गाठा. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, लेकरू पीत नसेल, तर रात्रीसुद्धा थांबू नका.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या माणसांनाच श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवले. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू कमी झालेले दिसले. ज्या बाईला श्वास मोजू दिला नाही, तीच बाई लेकरे वाचवू शकते, हे त्यातून शिकावे. मोजणीही चुकते: प्रत्येक वेगाचा श्वास न्यूमोनियाचा नसतो, तापानेही श्वास वाढतो. पण इथे जास्त सावध राहिलेले बरे.

जे हाताला लागतच नाही

विदर्भात आदिवासी समाजांबरोबर आपल्या समाजातही सिकलसेल आढळतो. आजार असलेल्या लेकराचे डोळे पिवळे दिसतात, पोटात पाणथरी हाताला लागू शकते. पण सिकलसेल वाहक माणूस कितीही तपासला तरी धडधाकटच दिसतो. ते रक्ताच्या तपासणीतच कळते. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून लग्न जुळवताना पत्रिका नको, दोघांची रक्ततपासणी करा.

दवाखान्यात काय विचारावे?

• छाती तपासताना नळी कपड्यावरून नव्हे, कातडीला लावलेली बरी. बाईला संकोच वाटत असेल तर सोबत घरची बाई असावी, हे मोकळेपणाने सांगा.
• रक्तदाब मोजण्याआधी पाच मिनिटे शांत बसा. पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीवर टेकवलेला हवा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा खोटा वाढतो. एकदा जास्त आला म्हणून घाबरू नका, पुन्हा मोजून घ्या.
• ‘तपासून काय आढळले? काय असू शकते? कोणती तपासणी केल्यावर नक्की कळेल?’ हे तीन प्रश्न विचारा.
• उलट, प्रत्येक दुखण्याला एक्स-रे आणि सोनोग्राफीही मागू नका. नीट विचारपूस आणि नीट तपासणी झाली की अनेकदा पुढचा खर्च वाचतो.

तपासायला हात लावलाच नाही, तर ‘डॉक्टरसाहेब, एकदा तपासून बघा ना’ म्हणायला लाजू नका. आणि हात लावून ‘काही नाही’ म्हणाले, तरी दुखणे हटत नसेल तर पुन्हा जा.