आधी चारा, मग इंजेक्शन

पावसाळ्यात मावळातल्या बेडसे लेण्यांच्या डोंगराला चाऱ्याचा तोटा नसतो. दिवाळी सरली की तेच गवत जून होते, त्यातली प्रथिने उतरतात आणि गव्हाणीत उरतो भाताचा पेंढा. याच दिवसांत व्यालेली गाय माजावर येईना, की गोठ्यात पहिली मागणी होते ती इंजेक्शनची.

पेंढ्यात प्रथिने जेमतेम 3 ते 4 टक्के, फॉस्फरसही कमी. गावठी गाय एवढ्यावर तगते. संकरित गायीचे तसे नाही. मणिभाई देसाईंनी 1967 मध्ये उरुळी कांचनला उभारलेल्या बायफसारख्या संस्थांमुळे जर्सी-होल्स्टीनचे रक्त गावोगाव पोचले. दूध वाढले, तशी भूकही वाढली. डोंगर मात्र तेवढाच राहिला.

व्याल्यानंतरचे पहिले काही आठवडे दुधातून जितकी ऊर्जा जाते तितकी खाण्यातून येत नाही. गाय अंगावरची चरबी जाळते. रक्तातले इन्शुलिन घटते आणि बीजांडकोषाला चालना देणाऱ्या एलएच संप्रेरकाच्या लहरी मंदावतात. बीजपुटिका वाढते, पण फुटत नाही. हाडे दिसणाऱ्या गायीचा माज असा थांबतो.

इंजेक्शनने दिलेला संप्रेरकांचा उपचार खरोखर उपयोगी आहे. 1995 मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी ‘ओव्हसिंक’ पद्धत मांडली: आधी जीएनआरएच हे संप्रेरक, सात दिवसांनी प्रोस्टाग्लँडिन, दोन दिवसांनी पुन्हा जीएनआरएच आणि त्यानंतर साधारण 16 ते 20 तासांनी रेतन. मुका माज असलेल्या गायीला तर हा मोठाच आधार. पण गाय गाभण नाही, हे पशुवैद्यकाने आधी तपासलेच पाहिजे. प्रोस्टाग्लँडिनने गर्भ पडतो. आणि ही औषधे वेळ जुळवतात, पोट भरत नाहीत. खंगलेल्या गायीवर तोच खर्च केला, तर ती बहुधा उलटते.

म्हणून माझा आग्रह चराईचा आहे. डोंगराचे भाग पाडून आलटूनपालटून चारले, तर गवताला पुन्हा फुटायला उसंत मिळते. काही गवत फुलोऱ्यातच कापून, उघडीप साधून वाळवावे. बी धरल्यावर कापलेल्यात कस राहत नाही. श्रावणातल्या कोवळ्या गवतात पाणीच फार, तेव्हाही थोडा सुका चारा हवा. दुभत्या गायीला पेंड आणि खनिज मिश्रण वर्षभर द्यावे. भाकड काळातल्या शेवटच्या दोन महिन्यांत गायीकडे सर्वांत कमी लक्ष जाते, कारण ती दूध देत नसते. पुढचा माज वेळेवर येणार की नाही, हे बरेचसे तिथेच ठरते.