आधी उंट बांधा
उमरा करून परतताना आम्ही कैरोत चार दिवस राहिलो. तिथे वाहने उजव्या बाजूने चालतात, पण तीन रांगांच्या रस्त्यावर पाच रांगा कधी होतात ते कळतही नाही. हॉर्न अखंड चालू. तहरीर चौक ओलांडताना अम्मी आयतुल कुर्सी पढत होत्या; एका अनोळखी बुजुर्गाने हात धरून त्यांना पलीकडे नेले.

टॅक्सीत आम्ही सीटबेल्ट शोधू लागलो तर चालक हसला, "अल्लाहवर सोडा!"

तिर्मिजीतील हदीस आठवली. उंट मोकळा सोडून तवक्कुल करू का, असे विचारणाऱ्याला प्रेषित (स.) यांनी आधी उंट बांधायला सांगितले होते. चालकाला हे ऐकवणार, तोच घरी खुंटीला टांगलेले आमचेच हेल्मेट डोळ्यांसमोर आले. आम्ही गप्प बसलो.

आता स्कूटरची किल्ली आणि हेल्मेट एकाच खुंटीला असतात.